ज्याच्या नावाचा प्रश्न कम्प्युटरच्या पेपरात हमखास येतो, तो ॲलन ट्युरिंग स्वतः कॉलेजात काय शिकत होता?

कम्प्युटर इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरांना विचारा, सगळ्यात डोक्यावरून जाणारा विषय कोणता? बरेचजण एकच नाव घेतील. टीओसी, म्हणजे थिअरी ऑफ कम्प्युटेशन.

साधारण तिसऱ्या वर्षाला हा विषय गाठतो. तोपर्यंत पोरांना वाटत असतं की कम्प्युटर म्हणजे कोडिंग. इथं मात्र लॅपटॉपच लागत नाही. कागदावर गोल काढायचे, गोलांना बाण जोडायचे आणि शेवटी शेवटी एक प्रकरण येतं, ट्युरिंग मशीन.

पोरं आकृती पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि पास होऊन पुढच्या सेमिस्टरला लागतात. पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे मशीन कागदावर मांडलं गेलं तेव्हा जगात आजच्यासारखा एकही कम्प्युटर नव्हता. आणि ते मांडणारा होता २३ वर्षांचा, नुकताच पदवी घेतलेला गणिताचा विद्यार्थी.

त्याची ही गोष्ट.

आईबाप हिंदुस्तानात, पोरगा इंग्लंडात

ॲलनचे वडील ज्युलियस ट्युरिंग आयसीएस अधिकारी होते. नोकरी मद्रास इलाख्यात, छत्रपूरला. हे गाव आज ओडिशात आहे. आई एथेल सारा यांचा तर जन्मच कोइमतूरजवळच्या पोदनूरचा, कारण त्यांचे वडील मद्रासकडच्या रेल्वेत चीफ इंजिनिअर होते.

ॲलनचा जन्म मात्र लंडनचा. तारीख २३ जून १९१२. त्या काळी इथं नोकरी करणारे बरेच इंग्रज साहेब आपल्या पोरांना मायदेशीच ठेवायचे. ट्युरिंग दांपत्यानंही तेच केलं. ॲलन आणि त्याचा मोठा भाऊ जॉन एका निवृत्त कर्नलच्या घरी वाढले. आईबाप सुट्टीवर आले की भेटायचे. वडील १९२६ ला निवृत्त झाले, तेव्हा ॲलन १३ वर्षांचा होऊन बोर्डिंग शाळेत निघाला होता.

ती शाळा शेरबोर्नची. पहिल्याच दिवशी इंग्लंडभर संप आणि रेल्वे बंद. फ्रान्सहून बोटीनं साऊदॅम्प्टनला उतरलेल्या ॲलननं सायकल काढली आणि वाटेत एका खाणावळीत मुक्काम करून साधारण शंभर किलोमीटर अंतर एकट्यानं पार केलं.

सुरुवात अशी जोरात झाली, पण शाळेशी त्याचं काही जमलं नाही. अक्षर गिचमिड, वहीवर शाईचे डाग. इंग्रजीत वर्गात शेवटचा नंबर. मुख्याध्यापकांना वाटायचं की याला नुसतं विज्ञानच करायचं असेल तर तो अशा शाळेत वेळ वाया घालवतोय. गणिताचे शिक्षकही वैतागायचे, कारण गडी पुस्तकातली पद्धत सोडून भलत्याच रस्त्यानं उत्तर काढायचा.

पण त्याच काळात त्यानं कॅल्क्युलस शिकायच्या आधीच एक अनंत श्रेणी स्वतःच शोधून काढली होती. आइनस्टाइनचा सापेक्षतावाद वाचून आईला समजावा म्हणून त्याची टिपणं लिहून दिली होती. म्हणजे हुशारी होती, पण प्रगतीपुस्तकात मावत नव्हती.

ख्रिस्तोफर

शाळेत त्याला एक मित्र मिळाला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. एक वर्ष पुढच्या वर्गात. तो गणितात हुशार होताच, शिवाय नीटनेटका आणि सगळ्यांचा लाडका होता. दोघं मिळून रसायनांचे प्रयोग करायचे, आकाशातले तारे बघायचे, गणितं घालायचे. ॲलनचा त्याच्यावर जीव जडला होता. त्याच्यामुळं ॲलन जरा नीट लिहायला लागला, अभ्यासाला लागला.

डिसेंबर १९२९ मध्ये दोघांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची स्कॉलरशिपची परीक्षा दिली. ख्रिस्तोफरला मिळाली. ॲलनला नाही.

आणि दोनच महिन्यांनी, १३ फेब्रुवारी १९३० ला ख्रिस्तोफर गेला. लहानपणी दूषित दुधातून झालेल्या क्षयरोगानं त्याचं शरीर पोखरलं होतं. मित्राला त्याचा पत्ताही नव्हता.

ॲलन मोडून पडला. त्यानं ख्रिस्तोफरच्या आईला पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि हा पत्रव्यवहार पुढं कित्येक वर्षं चालला. मित्राला जे करता आलं नाही ते आपण पूर्ण करायचं असं त्यानं मनाशी धरलं. माणूस गेल्यावर त्याच्या मनाचं काय होतं, मन आणि शरीर यांचा संबंध काय, हे प्रश्न त्याला तेव्हापासून चिकटले. पुढं मशीनला विचार करता येईल का असं विचारणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हा प्रसंग आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

सेकंड क्लास ते फेलो

ट्रिनिटी हुकलं, पण पुढच्या वर्षी केंब्रिजच्याच किंग्ज कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली. १९३१ च्या ऑक्टोबरात ॲलन गणिताच्या पदवीला दाखल झाला.

केंब्रिजच्या गणिताच्या या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. पहिल्या भागात ॲलनला मिळाला सेकंड क्लास. ज्याच्या नावानं आज कम्प्युटर जगातला सगळ्यात मोठा पुरस्कार दिला जातो, त्याचा निकाल असा होता.

मग मात्र त्यानं जोर धरला. १९३४ ला शेवटच्या परीक्षेत, प्रगत गणिताचे जादा पेपर देऊन तो विशेष प्राविण्यासह पहिल्या वर्गात आला.

या दरम्यान एक मजेशीर गोष्ट घडली. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या वर्गात एक मुद्दा आला. कुठलंही मोजमाप पुन्हा पुन्हा घेतलं की चुकांचा आलेख घंटेच्या आकाराचा का होतो? वर्गात दिलेलं कारण ॲलनला पटलं नाही. त्यानं स्वतः बसून त्याची सिद्धता तयार केली. झाल्यावर कळलं की लिंडेबर्ग नावाच्या गणितज्ञानं हे १९२२ मध्येच करून ठेवलंय.

दुसरा कुणी असता तर कागद फाडून टाकले असते. पण ॲलनची पद्धत पूर्णपणे स्वतःची होती. त्यानं तेच काम प्रबंध म्हणून दिलं, आणि १९३५ च्या मार्चमध्ये किंग्ज कॉलेजनं त्याला वयाच्या २२ व्या वर्षी फेलो केलं. वर्षाला ३०० पौंड, राहायला जागा आणि तीन वर्षं जे वाटेल त्यावर विचार करायची मुभा.

एका लेक्चरमधून आलेला प्रश्न

पदवी झाली होती, तरी ॲलन वर्गात जाऊन बसायचा. १९३५ च्या वसंतात मॅक्स न्यूमन नावाचे प्राध्यापक गणिताच्या पायावर एक प्रगत कोर्स शिकवत होते. पदवीच्या नेहमीच्या अभ्यासाच्या वरचा कोर्स.

त्या काळात गणिताच्या पायालाच हादरे बसत होते. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांना सगळं गणित पक्क्या नियमांत बसवायचं होतं. पण १९३१ मध्ये कुर्ट गडेल या तरुणानं दाखवून दिलं की अंकगणित सामावून घेणारी अशी कुठलीही नियमावली घेतली, आणि ती विसंगत नसली, तर तिच्यात सिद्धही करता येत नाहीत आणि खोडताही येत नाहीत अशी काही विधानं उरतातच.

हिल्बर्टचा एक प्रश्न तरीही बाकी होता. तर्कशास्त्राच्या भाषेतलं कुठलंही विधान दिलं, तर ते सिद्ध करता येईल की नाही हे ठरवणारी एखादी ठरावीक पद्धत आहे का? डोकं न लावता, पायरी पायरीनं करता येणारी. न्यूमन यांनी वर्गात ही पद्धत कशी हवी हे सांगताना यांत्रिक असा शब्द वापरला.

बाकीच्यांनी तो लिहून घेतला आणि पुढं गेले. ॲलन तिथंच अडकला. यांत्रिक म्हणजे नक्की काय? मग यंत्रच कल्पून बघू की!

ॲलनला लांब पळायची सवय होती. त्या उन्हाळ्यात केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टरच्या कुरणात, पळून झाल्यावर गवतात पडल्या पडल्या त्याला उत्तराची वाट सापडली.

ते मशीन नक्की काय आहे?

तेव्हा कम्प्युटर हा शब्द माणसांसाठी वापरत. दिवसभर बसून आकडेमोड करणारा कारकून म्हणजे कम्प्युटर. ॲलननं विचार केला, हा माणूस नक्की काय करतो?

त्याच्यापुढं कागद असतो. समजा शाळेतली चौकटीची वही. एका वेळी तो एक चौकट बघतो, त्यातलं चिन्ह वाचतो. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे त्याच्या डोक्यात असतं. त्यावरून तो चिन्ह खोडतो किंवा नवीन लिहितो, आणि शेजारच्या चौकटीवर जातो. बास. कितीही मोठं गणित असलं तरी शेवटी एवढंच.

ट्युरिंग मशीन म्हणजे हेच. चौकटींची हवी तितकी लांब पट्टी, एक चौकट वाचणारं टोक आणि नियमांचा तक्ता.

एक उदाहरण घेऊ. पट्टीवर शून्य आणि एक वापरून १०११ लिहिलंय, म्हणजे आपल्या हिशेबानं अकरा. यात एक मिळवायचाय. नियम दोनच. उजव्या टोकापासून सुरू करा. चौकटीत १ दिसला तर तो खोडून ० करा आणि डावीकडं सरका. ० किंवा रिकामी चौकट दिसली तर तिथं १ लिहा आणि थांबा. करून बघा. उत्तर येतं ११००, म्हणजे बारा. मशीनला बेरीज म्हणजे काय हे माहीतही नाही, तरी बेरीज झाली.

इथून ॲलननं खरी उडी मारली. नियमांचा तक्ता हासुद्धा चिन्हांत लिहिता येतो. म्हणजे तो पट्टीवरच ठेवता येईल. मग प्रत्येक कामाला वेगळं यंत्र कशाला? एकच यंत्र बनवा, जे पट्टीवरचा तक्ता वाचेल आणि त्याप्रमाणं वागेल. तक्ता बदलला की काम बदललं.

तुमच्या हातातला मोबाईल सकाळी अलार्म वाजवतो, दुपारी पैसे पाठवतो आणि रात्री सिनेमा दाखवतो, तो याच कल्पनेवर. यंत्र तेच, तक्ता वेगळा. त्या तक्त्याला आपण आता सॉफ्टवेअर म्हणतो.

जे कुठल्याच कम्प्युटरला जमणार नाही

मूळ प्रश्न मात्र वेगळा होता. सगळ्याच प्रश्नांना अशी पद्धत असते का? ॲलनचं उत्तर होतं, नाही. आणि त्यानं ते सिद्ध केलं.

आजच्या पुस्तकांत हे हॉल्टिंग प्रॉब्लेम या नावानं शिकवतात. समजा एक पंच आहे. त्याला कुठलाही प्रोग्रॅम दाखवा, तो कधीही न चुकता सांगतो की हा थांबेल की कायम फिरत राहील.

आता आपण एक हट्टी प्रोग्रॅम लिहू. तो स्वतःचाच कोड पंचापुढं ठेवतो आणि जे उत्तर येईल त्याच्या नेमकं उलट करतो. पंच म्हणाला थांबेल, तर हा फिरत राहतो. पंच म्हणाला फिरेल, तर हा लगेच थांबतो. पंच काहीही म्हणाला तरी चुकतोच. म्हणजे कधीच न चुकणारा पंच असूच शकत नाही.

ॲलनची स्वतःची मांडणी जरा वेगळी होती, पण गाभा हाच. आणि यावरूनच त्यानं दाखवलं की हिल्बर्टला हवी होती तशी पद्धतही नाही. कितीही महागडा कम्प्युटर आणा, या प्रश्नाचं सरसकट उत्तर त्याला देता येणार नाही. कम्प्युटर बनण्याच्या आधीच त्याची हद्द आखून झाली होती.

पुन्हा कुणीतरी आधीच!

एप्रिल १९३६ मध्ये ॲलननं कागद न्यूमन यांच्या हातात दिले. आणि त्याच सुमारास अमेरिकेतून एक लेख येऊन धडकला. प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्च यांनी त्याच प्रश्नाचं तेच उत्तर काढलं होतं, लॅम्डा कॅल्क्युलस नावाच्या वेगळ्या रस्त्यानं. पायथॉन लिहिणाऱ्यांनी लॅम्डा हा शब्द ऐकला असेल, तो तिथलाच.

दुसऱ्यांदा तेच झालं. पण इथं त्याचे शिक्षक उभे राहिले. या पोराची पद्धत वेगळी आहे, ती छापलीच पाहिजे, असा न्यूमन यांनी आग्रह धरला आणि ॲलनला पुढं शिकायला घ्यावं म्हणून खुद्द चर्च यांनाच पत्र लिहिलं. ॲलननं दोन्ही पद्धती एकच गोष्ट सांगतात हे दाखवणारी पुरवणी जोडली. १९३६ च्या अखेरीस लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अंकांतून तो लेख छापून येऊ लागला.

पुढं ॲलननं प्रिन्स्टनला चर्च यांच्याच हाताखाली १९३८ मध्ये पीएचडी केली. निकाल चर्च यांचा आधी आला होता. पण यांत्रिक म्हणजे काय हे वाचताक्षणी पटावं असं सांगितलं ते ॲलननं. म्हणून आज पोरं ट्युरिंग मशीन शिकतात.

युद्ध

४ सप्टेंबर १९३९, इंग्लंडनं जर्मनीशी युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, ॲलन ब्लेचली पार्कला हजर झाला. इथं जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडायचं काम चालायचं.

जर्मन एनिग्मा नावाचं यंत्र वापरत. त्याच्या सैन्यातल्या एका प्रकारात सेटिंगचे पर्याय होते सुमारे १५९ च्या पुढं १८ शून्यं एवढे. आणि सेटिंग रोज बदलायचं. पोलंडच्या गणितज्ञांनी आधीच यावर मोठं काम केलं होतं. ॲलननं त्यापुढं जाऊन बॉम्ब नावाचं शोधयंत्र आखलं. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. पहिलं यंत्र १९४० मध्ये आलं, युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेहून जास्त बनली होती.

एनिग्मात एक खोट होती. कुठलंही अक्षर कधीच स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे. संदेशात हवामानासारखे ठराविक शब्द असणार असा अंदाज बांधायचा आणि या खोटीच्या आधारानं त्या शब्दांच्या अशक्य जागा छाटत जायच्या. अटलांटिकमधल्या जहाजांचा जीव ज्यावर टांगलेला होता, ते नौदलाचे संदेश फोडणाऱ्या हट ८ चा प्रमुख ॲलनच होता.

तिथं त्याच्यासोबत जोन क्लार्क होत्या. केंब्रिजमध्ये गणितात दोन्ही भागांत पहिला वर्ग. पण तेव्हा केंब्रिज बायकांना पूर्ण पदवीच देत नव्हतं, ती १९४८ पासून द्यायला लागलं. पगार वाढावा म्हणून त्यांना कागदोपत्री भाषातज्ञ करावं लागलं, परकी भाषा एकही येत नसताना. १९४१ मध्ये ॲलननं त्यांना मागणी घातली. मग आपल्याला पुरुषांबद्दल ओढ आहे हे स्वतः सांगितलं. काही महिन्यांनी ठरलेलं लग्न त्यानंच मोडलं, पण मैत्री टिकली.

हे सगळं काम १९७० च्या दशकापर्यंत गुप्त राहिलं. ॲलननं काय केलं ते त्याच्या हयातीत लोकांना कळलंच नाही.

आणि मग देशानं काय केलं?

युद्धानंतर त्यानं लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत एसीई या कम्प्युटरचा सविस्तर आराखडा केला. १९४८ मध्ये तो मँचेस्टर विद्यापीठात गेला. बोलावणारे पुन्हा न्यूमनच. तिथल्या कम्प्युटरवर प्रोग्रॅम कसे लिहायचे याची पुस्तिका त्यानं तयार केली. १९५० मध्ये मशीन विचार करू शकेल का, हे तपासण्याची कसोटी मांडली, तीच ट्युरिंग टेस्ट. सोबत पळणं चालूच होतं. १९४७ मध्ये त्यानं मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली होती.

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. त्यानं पोलिसांत तक्रार दिली. तपासात त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचं पुढं आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. तक्रार द्यायला गेलेला माणूसच आरोपी झाला.

तुरुंग किंवा हार्मोनचे उपचार, असे दोन पर्याय होते. त्यानं वर्षभराचे उपचार पत्करले. शरीरावर परिणाम झाले. सरकारच्या गुप्त कामाची दारं बंद झाली.

७ जून १९५४ ला विल्मस्लोच्या घरी ॲलनचा मृत्यू झाला. वय ४१. कारण सायनाइड. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. आईला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की तो घरी रसायनांचे प्रयोग करताना झालेला अपघात होता.

बिछान्याजवळ अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. त्यावरूनच ॲपल कंपनीचा लोगो आला, असं सोशल मीडियावर फिरत असतं. ते खरं नाही, लोगो बनवणाऱ्या डिझायनरनंच हा संबंध नाकारलाय. आणि त्या सफरचंदाची विषासाठी तपासणीही झाली नव्हती.

२००९ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी सरकारच्या वतीनं माफी मागितली. २०१३ मध्ये राणीनं मरणोत्तर माफी दिली. २०१७ मध्ये अशाच कायद्याखाली शिक्षा झालेल्या हजारो मृत पुरुषांना माफी मिळाली, त्या तरतुदीला ट्युरिंगचा कायदा म्हणतात. इंग्रजांनीच आपल्याकडं आणलेल्या ३७७ कलमातून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयानं वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ ला. २०२१ पासून ५० पौंडाच्या नोटेवर ॲलनचा फोटो आहे.

१९६६ पासून त्याच्या नावानं ट्युरिंग पुरस्कार दिला जातो. १९९४ मध्ये तो मूळचे आंध्रचे राज रेड्डी यांनाही मिळाला.

केंब्रिजनं कम्प्युटिंगचा पहिला डिप्लोमा सुरू केला तो १९५३ मध्ये, ॲलनच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी. म्हणजे ज्या विषयाचा पाया त्यानं घातला, त्याची पदवी त्याला कधी घेताच आली नसती. त्याच्याकडं होती ती गणिताची पदवी, एक सेकंड क्लास, दोनदा दुसऱ्यांनी आधीच सोडवलेले प्रश्न आणि ते स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा सोडवायची तयारी. शिवाय ती तयारी ओळखणारा एक शिक्षक.

टीओसीचा पेपर जवळ आला असेल तर आकृती पाठ करायच्या आधी चौकटीची वही घ्या आणि १०११ मध्ये एक मिळवून बघा. ॲलननंही सुरुवात तिथूनच केली होती.